प्रकरण अकरावे : लेम्पीचा कागद

पेल्टोलांच्या घरात कॉफीचा दुसरा कप ओतेपर्यंत भांडायचे नाही, असा दंडक होता. पहिला कप पाहुण्यांचा, दुसरा घरच्यांचा, आणि भांडायचे ते घरच्यांशीच, असे मट्टीआजोबा म्हणत. आजोबांना जाऊन साठ वर्षे झाली तरी दंडक टिकून होता. म्हणूनच त्या रविवारी चर्चमधून परतल्यावर लेम्पीच्या स्वयंपाकघरात जी शांतता होती, तिच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. सगळे वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवत होते आणि एकमेकांच्या कपांकडे बघत होते.

आर्मस आपला पहिला कप लांबवत होता. शहात्तराव्या वर्षी माणसाला एवढी तरी युक्ती जमावी. त्याच्या उजव्या हाताला थोरली बहीण लेम्पी बसली होती. गावचा सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायचे जुने सामायिक स्नानघर, वाचवायचा म्हणून या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने महिनाभर सह्यांची मोहीम चालवली होती. समोर बसली होती त्याची एकुलती एक लेक मरीट, आल्डर लँडिंगची नगराध्यक्ष. परिषदेत दोघे विका म्हणाले, दोघे नको म्हणाले, आणि मरीटच्या एका मताने सौना पोर्टलंडच्या एका हॉटेलवाल्याला द्यायचे ठरले होते.

पण परिषदेने ठरवले म्हणजे संपले, असे ऑरेगन राज्यात नसते. तीस दिवसांत गावातल्या ब्याण्णव मतदारांनी सह्या दिल्या की ठराव जागच्या जागी थांबतो आणि नोव्हेंबरात सगळ्या गावापुढे मताला जातो. तिसावा दिवस उद्या होता. सोमवार, संध्याकाळी पाच.

दुसरा कप ओतला तो रेनोने. रेनो सगळ्यांत धाकटा, सत्तरीचा, जन्मभर नदीत सामन मासे पकडलेला. शांतता त्याला फक्त होडीत सोसायची.

“चला,” तो म्हणाला, “बोला आता. मी पूल ओलांडून पाव खायला आलेलो नाही.”

“तू तर बोलूच नकोस,” लेम्पी म्हणाली. “तू पुलापलीकडचा, वॉशिंग्टन राज्यातला. तुला इथं मत नाही.”

“मत नाही म्हणून तोंड पण नाही? अगं, मी एवढंच म्हणतो, सौन्यात वाफ खालून वर जायला पाहिजे. आपल्या सौन्यात पाणी वरून खाली येतं. छप्पर आहे की चाळण?”

“छपराचा प्रश्नच नाहीये, काका,” मरीट म्हणाली. “प्रश्न अँब्युलन्सचा आहे. सौना विकला तर त्या पैशांत नवी घेता येईल. जानेवारीत मिसेस ओल्सनना न्यायचं होतं, तर ती चालूच होईना. उतारापर्यंत ढकलत नेली आम्ही. ढकलणाऱ्यांत मी होते. नगराध्यक्ष!”

“व्यायाम झाला असेल,” लेम्पी म्हणाली.

“आणि मिसेस ओल्सन आत आडव्या पडून ओरडतायत, डावीकडे घ्या, अगं डावीकडे खड्डा आहे!”

सगळे हसले. लेम्पीही हसली, पण हसून झाल्यावर तिने कप बाजूला सारला.

“मरीट, मी त्या सौन्यात जन्मलेय.”

“माहितीये आत्या. खालच्या बाकावर.”

“एक्केचाळीस साली. सगळ्या गावात तेवढी एकच जागा उबदार आणि धुतलेली होती. गावातल्या निम्म्या पोरांना तिथंच अंघोळ घातलीय पहिली. आता तिथं पोर्टलंडची माणसं येणार आणि माझ्या बाकावर बसून अंडी खाणार.”

मरीट कॉफी ढवळत राहिली. आर्मसला तिची दया आली. लगेच आपल्याला लेकीचीच दया का आली, बहिणीची का नाही, असा विचार येऊन तो खजील झाला. त्याचे नेहमी असेच व्हायचे. एकतीस वर्षे तो नगरपालिकेचा चिटणीस होता. गावाने किती अर्ज आणले, किती ठराव पाडले, किती माणसे निवडून दिली. सगळे कागद त्याच्या हातून गेले. चिटणिसाने बाजू घ्यायची नसते म्हणून त्याने त्या काळात एकाही अर्जावर सही केली नाही. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली तरी ती सवय सुटली नव्हती. आर्मसला मतच नाही, असे गाव समजत असे. कधीकधी त्यालाही तसेच वाटे.

“बरं, हे बघा,” लेम्पी म्हणाली आणि तिने चर्चला न्यायच्या पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. “आज सकाळी. प्रार्थनेनंतरच्या कॉफीला. एका तासात एकोणीस!”

“एकोणीस!” लेम्पीचा मुलगा ड्वेन उडालाच. तो पंचावन्न वर्षांचा होता, बांधाजवळ गाई पाळायचा, आणि आईच्या मोहिमेचा सेनापती आपणच आहोत असे समजायचा. “आधीचे चार कागद मिळून सत्याहत्तर. सत्याहत्तर नि एकोणीस शहाण्णव. आई, जिंकलो! मरीट, सॉरी हं.”

“सॉरी कशाला,” मरीट म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता.

आर्मसने कागदाकडे पाहिले आणि हातातला पाव बशीत ठेवला. हा कागद त्याने सकाळी पाहिला होता. चर्चच्या दालनात, लांब टेबलावर, सायीच्या भांड्याला टेकवून ठेवलेला, बाजूला पेन. लोक येत होते, कॉफी घेत होते, साय घालत होते, सही करत होते. आणि लेम्पी? लेम्पी आतल्या खोलीत पाव कापत होती. एकदा बाहेर आली, दोघांशी बोलली, भांडे भरायला पुन्हा आत गेली. आल्डर लँडिंगमध्ये टेबलावरच्या कागदाला कोण हात लावतो? तिथे पाकीट विसरले तरी पुढच्या रविवारी ते त्याच खुर्चीवर मिळते.

“आर्मस,” लेम्पी पेन उघडत म्हणाली, “खाली मी कुठं सही करायची? आणि काय बारीक लिहिलंय ते? माझा चष्मा पिशवीत आहे. बाकीचे कागद ड्वेनचे नि त्याच्या बायकोचे होते, त्यांनी केल्यात त्यांच्या सह्या. हा माझा पहिलाच.”

त्याने कागद हातात घेतला. ‘इथं कर’ असे म्हणून बोट ठेवले असते तर काम झाले असते. लेम्पीने सही केली असती, उद्या कागद जमा झाला असता, आणि कोणालाही, कधीही काही कळले नसते. नुसते बोट ठेवायचे होते.

“वाच ना,” लेम्पी म्हणाली.

“‘या कागदावरची प्रत्येक सही,’” आर्मसने वाचले, आणि आपण जरा जास्तच सावकाश वाचतो आहोत हे त्याला जाणवले, “‘माझ्या डोळ्यांदेखत झाली आहे, असे मी शपथेवर सांगते. हे खोटे ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.’”

लेम्पीचे पेन हवेतच राहिले.

“प्रत्येक?”

“प्रत्येक.”

“डोळ्यांदेखत म्हणजे… त्या खोलीत असले तर चालतं ना?”

आर्मसने ‘डोळ्यांदेखत’ या शब्दाखाली बोट ठेवले.

“आई, सही कर,” ड्वेन म्हणाला. “माणसं खरी आहेत, सह्या खऱ्या आहेत. तू पाहिल्यास काय नि न पाहिल्यास काय.”

“मी पाव कापत होते रे.”

“थोड्या तर पाहिल्यास ना?” रेनोने विचारले. “न पाहिलेल्या खोडून टाक. बाकीच्या राहतील.”

“कोणत्या खोडू? हाइकिलांच्या तिथं मला नुसतं कोपर दिसलं. ते सही करत होते की साय घेत होते, देवाला माहीत.” तिने पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, एकोणीस नावांवरून बोट फिरवले आणि पेन मिटवले. “नाही. देवळातल्या कागदावर मी खोटी शपथ घेणार नाही. हा कागद गेला.”

“आई!”

“गेला म्हटलं ना!” आणि मग ती भावाकडे वळली. तिचा आवाज खाली आला, आणि आर्मसला तिच्या मोठ्या आवाजापेक्षा खालच्याचीच भीती होती. “तू सकाळी तिथंच होतास. खिडकीजवळ. मी आत गेले ते तू पाहिलंस. तेव्हाच का नाही सांगितलंस? अजून पन्नास माणसं होती तिथं. सायीच्या भांड्यापाशी उभी राहिले असते मी दिवसभर.”

“मला वाटलं… आपण कशाला मध्ये पडा.”

“आणि आत्ता कशाला पडलास? लेक समोर बसलीय म्हणून?”

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मरीट उठली होती.

“मी इथं असायलाच नको होतं,” ती म्हणाली. “बाबा, आत्या, मी जाते. मी काही ऐकलेलं नाही.” ती कोट घेऊन निघाली, आणि दारातून वडिलांकडे असे काही बघून गेली की त्याला त्याचा अर्थ लागेना. आभार होते की राग?

लेम्पीचा प्रश्न टेबलावर तसाच पडून राहिला. आर्मस त्याचे उत्तर शोधत बसला, आणि सर्वांत वाईट हे की त्याला ते सापडेना. भिंतीवर हिल्माआजीचा फोटो होता. एकोणीसशे बारा साली राज्यातल्या पुरुषांनी मत देऊन बायकांना मताचा हक्क दिला, तेव्हा मट्टीआजोबांनी कोणत्या बाजूला मत टाकले, हे ती चाळीस वर्षे विचारत होती. आजोबा म्हणायचे, “गुप्त असतं ते.” पण पुढच्या निवडणुकीला त्यांनीच गाडी जुंपून तिला केंद्रावर नेले. पेल्टोला पुरुष अशीच उत्तरे देत आले होते. सरळ कधीच नाही.

“उठा,” लेम्पी अखेर म्हणाली. “एकोणीस माणसं कुठं पळून गेलेली नाहीत. उद्या परत करून घेऊ. पंधरा मिळाल्या तरी पुरे. रेनो, तुझी गाडी लागेल.”

“माझी? मी तर विका म्हणणाऱ्यांतला!”

“म्हण ना. गाडी चालवता चालवता म्हण.”

*

सोमवारी सकाळी नऊला रेनोची जुनी पिकअप निघाली. स्टिअरिंगवर रेनो, मधे लेम्पी, खिडकीशी आर्मस. त्याला कोणी चल म्हटले नव्हते. लेम्पीने नुसते रेनोला सांगितले होते, “त्याला सांग, नियम त्याला माहिती आहेत, तर त्यानं यावं.” मग दिवसभर तसेच चालले.

“रेनो, त्याला विचार, तारीख सही करणाऱ्यानं घालायची की मी?”

“आर्मस, ती विचारते…”

“ऐकलं मी. ज्यानं त्यानं आपापली घालायची. लेम्पीनं खाली शेवटी.”

“रेनो, त्याला सांग, कळलं.”

“अगं, मी गाडी चालवू की तार खात्यात नोकरी करू?”

हाइकिलांकडे म्हातारा दारातच भेटला. “काल केली ना सही?” तो म्हणाला.

“आज माझ्यासमोर कर.” आणि लेम्पी इतकी वाकली की तिचे नाक त्याच्या मनगटाला लागले.

“लेम्पी, सही बघतेयस की मला चावणार आहेस?”

“हलू नकोस. दिसलं पाहिजे मला.”

दुपारपर्यंत नऊ झाल्या. मग गाडी अडखळू लागली. एकजण लेकीकडे पोर्टलंडला गेली होती. एकाला खुब्याच्या शस्त्रक्रियेला भरती केले होते. एकाची होडी नदीच्या मुखाबाहेर समुद्रात होती. रेनोने धक्क्यावरून टोपी हलवून पाहिली, पण एवढ्या लांबून सही कशी घ्यायची? मिस्टर नीमी झोपले होते आणि बायको त्यांना उठवेना. “दुपारचं उठवलं की ते कशालाही नाहीच म्हणतात,” ती म्हणाली, “मग मी विचारलं तरी.” आणि मिसेस ओल्सननी लेम्पीला घरात घेतले, बिस्किटे दिली, आणि हात जोडले.

“चर्चमध्ये केली होतीस ना पण?” लेम्पी म्हणाली.

“तेव्हा सगळे करत होते गं. सौना मला हवाच आहे, लेम्पी. पण पुढच्या खेपेला मला ढकलत न्यायचं नाही.”

लेम्पीने बिस्किट खाल्ले, तिच्या हातावर हात ठेवला आणि उठली. गाडीत बसल्यावर तिने कागद मांडीवर सारखा केला. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, “ती खोटं नाही बोलत.”

साडेचार वाजता रेनोने गाडी नगरपालिकेसमोर उभी केली. ड्वेन आपले चार कागद घेऊन पायरीवर थांबला होता. नव्या कागदावर चौदा सह्या. सत्याहत्तर नि चौदा.

“एक्याण्णव,” ड्वेन म्हणाला. “एक कमी. एकच!”

“माझ्याकडे बघू नका,” रेनो म्हणाला. “मी नदीपलीकडचा. एरवी आज दिली असती, गंमत म्हणून.”

लेम्पी मांडीवरच्या कागदाकडे बघत होती. तिच्या टोपीखालून पांढऱ्या केसांची एक बट सुटली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई सकाळपासून दारोदारच्या पायऱ्या चढली-उतरली होती. त्या चढाव्या लागल्याच नसत्या, जर काल सकाळी खिडकीजवळ उभ्या असलेल्या माणसाने चार पावले पुढे येऊन ‘लेम्पी, इथं उभी राहा’ एवढे म्हटले असते. आर्मसला एकदम कळले की कालच्या प्रश्नाचे उत्तर त्याला का सापडत नव्हते. चूक वाचण्यात नव्हतीच. चूक खिडकीजवळ झाली होती.

“मी करतो,” तो म्हणाला.

तिघांनीही त्याच्याकडे पाहिले.

“तू?” लेम्पी म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलली होती.

“मी गावचा मतदार आहे.” त्याने जरा विचार केला. “म्हणजे, असणारच.”

“सौना राहावा असं वाटतं तुला?”

“ते मला अजून नीटसं माहीत नाही. पण गावाला विचारावं, असं वाटतं.”

लेम्पीने कागद त्याच्यापुढे धरला, चष्मा नाकावर दाबून बसवला आणि सही होईपर्यंत पापणीसुद्धा लववली नाही. मग आपल्या शपथेखाली सही केली, तारीख घातली, आणि कोपराने भावाच्या बरगडीत एक ढुसणी दिली. पेल्टोलांत माफी अशीच देत.

“ब्याण्णव!” ड्वेनने रस्त्यावरच टोपी उडवली.

*

नगरपालिकेच्या खिडकीपाशी आताची चिटणीस जोलीन होती. आर्मसनेच तिला हे काम शिकवले होते, आणि ती अजूनही त्याला बघून पाठ ताठ करायची.

“मिस्टर पेल्टोला! बसा ना.”

“उभाच बरा आहे.” पाचही कागद तिच्यापुढे सरकवता सरकवता त्याचा हात थांबला. एकतीस वर्षांची सवय. त्याने वरचा कागद स्वतःकडे वळवला आणि नावांवरून नजर फिरवू लागला. मोहीम चालू असताना त्याने ड्वेनचे कागद एकदाही पाहिले नव्हते; बघणे म्हणजे बाजू घेणे, असे त्याला वाटायचे. ड्वेनच्या पहिल्या कागदावर पहिल्याच ओळीत, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, खुद्द ड्वेनची सही होती.

आर्मसने ती ओळ दोनदा वाचली.

पुन्हा नको, तो मनात म्हणाला. देवा, पुन्हा मीच नको. कागद पालथा घातला तर? जिल्ह्याच्या कचेरीत आठवड्याने कोणीतरी ही ओळ खोडेल. पण तेव्हा एक सही नव्याने घ्यायला वेळ उरलेला नसेल, आणि आत्ता पाच वाजायला एकोणीस मिनिटे होती.

“ड्वेन,” तो म्हणाला, “तुझं घर हद्दीबाहेर आहे.”

“कुठल्या हद्दीबाहेर?”

“गावाच्या. हद्द बांधावरून जाते. तुझा गोठा गावात आहे. घर नाही.”

“म्हणजे माझ्या गाई गावात राहतात आणि मी नाही?”

“हो.”

“मग त्यांना सही करू दे!” रेनो म्हणाला.

“अरे, पण मी मत देतो की दर वेळी!” ड्वेन कळवळून म्हणाला.

“राज्याचं देतोस, जिल्ह्याचं देतोस. गावचं कधी दिलंयस? मरीटचं नाव कधी पाहिलंस मतपत्रिकेवर?”

ड्वेनने आठवून पाहिले. “नाही. मला वाटायचं, ती बिनविरोध येते.”

जोलीनने हसू दाबायला फायलीत डोके घातले. लेम्पी बाकावर बसली. ती हसली नाही, रागावलीही नाही. “एक्याण्णव,” ती एवढेच म्हणाली.

रेनो रस्त्यावर धावला आणि पाच मिनिटांत दोन माणसे हाताला धरून घेऊन आला. ती दोघे पोर्टलंडहून मासे खायला आली होती आणि हौसेने सही द्यायला तयार होती. आर्मसने नुसती मान हलवली. रेनो पुन्हा गेला. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातला माणूस पुलापलीकडे राहत होता. रस्त्यावर बाकी कुत्रा होता.

“काय चाललंय?”

मरीट आपल्या खोलीच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. सांगितले ते जोलीनने. चार वाक्यांत सांगितले, आणि चौथ्यात गाईही आल्या.

मरीट वडिलांकडे आली. “काल मला वाटलं, तुम्ही ते माझ्यासाठी वाचलंत,” ती हळू म्हणाली. “घरी जाऊन आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.”

“मला स्वतःलाच कळलं नव्हतं गं, कोणासाठी वाचलं ते.”

“आणि ड्वेनचं? तेही माझ्यासाठी?”

“नाही,” आर्मस गोंधळून म्हणाला. “तो… तो खरंच बाहेर राहतो.”

मरीट हसली. लहानपणी गणित सुटले की ती तशीच हसायची. तिने हात पुढे केला. “कागद द्या.”

“कोणता?”

“कोरा. आत्याचा तर तारीख घालून बंद झाला ना? जोलीन, कोरा एक दे. आणि बाबा, सही घेणारे तुम्ही व्हा.”

“मरीट,” रेनो म्हणाला, “स्वतःच्याच ठरावाविरुद्ध? हे चालतं का?”

सगळ्यांनी आर्मसकडे पाहिले. “नगराध्यक्ष पण मतदारच असते,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही.

मरीटने पेन उचलले, पण आधी बाकाकडे वळली. “आत्या, नीट ऐक. नोव्हेंबरात मी विकायच्याच बाजूनं मत देणार आहे. प्रत्येक दारात जाऊन अँब्युलन्सचं सांगणार आहे. तुला हरवणार आहे मी.”

“हरव की,” लेम्पी म्हणाली. “तू कुठं मत टाकशील ते मी विचारणार नाही. गुप्त असतं ते. पण हरवायचं तर गावाला विचारून हरव. सायीच्या भांड्याकडून नको.”

“तेच म्हणतेय मी.” ती खिडकीवर वाकली आणि थांबली. “बाबा, इकडे बघा. डोळ्यांदेखत झाली पाहिजे ना?”

आर्मस जवळ सरकला. जन्मभर त्याने हजारो सह्या पाहिल्या होत्या, पण त्या वाळलेल्या शाईच्या, माणूस निघून गेल्यानंतरच्या. सही होताना बघायची त्याला सवय नव्हती. पहिले अक्षर त्याने तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर गिरवायला शिकवले होते तसेच उजवीकडे कलले, आणि पेल्टोलाची शेवटची रेघ तिने, नेहमीसारखीच, गरजेपेक्षा लांब ओढली. त्याने सगळे पाहिले. एवढेसुद्धा निसटू दिले नाही.

“पाहिलंत?”

“पाहिलं.”

“मग करा तुमची.”

त्याने शपथ पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात वाचली. या वेळी तिच्यात त्याला एकही शब्द जड वाटला नाही. त्याने सही केली. शेजारी तारखेचा चौकोन होता. पेन त्या चौकोनावर टेकले आणि तिथेच थांबले.

“मिस्टर पेल्टोला,” जोलीन घड्याळाकडे बघत हळूच म्हणाली, “तारीख.”

“हो. हो, तारीख.”

तारीख चुकली म्हणून या खिडकीतून त्याने किती जणांचे कागद परत पाठवले होते, त्याला गणती नव्हती. आणि आता, बहीण बाकावर आणि लेक खांद्याशी, काही केल्या त्याला आजची तारीख आठवेना.

मरीट त्याच्या कानाशी वाकली.

“नऊ, बाबा,” ती म्हणाली. “आज नऊ तारीख.”